कळीचा शब्द

वर्गात विद्यार्थ्याने प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर आपल्याला येऊ नये, यात लाज वाटण्यासारखे काही नाही, असे आम्ही शिक्षक एकमेकांना नेहमी सांगत असतो. पण ज्या अन्नावर आपले घर पोसले गेले त्या अन्नाविषयीच कोणी विचारावे, आणि आपण हातात खडू धरून खिडकीबाहेर पाहत राहावे, याला काय म्हणावे ते मला अजून सुचलेले नाही.

गोष्ट २०२३ च्या पावसाळ्यातली. बाहेर साताऱ्याचा पाऊस लागलेला, अजिंक्यतारा ढगात बुडालेला, आणि वर्गात मी दया पवारांच्या 'बलुतं'विषयी बोलत होतो. १९७८ साली आलेल्या या आत्मकथनाने मराठी वाङ्मयात केवढी उलथापालथ केली, हे मी नेहमीच्या उत्साहाने सांगत होतो. तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पण बलुतं म्हणजे नेमकं किती? आणि कोण ठरवायचं?"

मी म्हणालो, "बलुतं म्हणजे गावकामाच्या मोबदल्यात शेतकऱ्यांकडून मिळणारा धान्याचा वाटा."

"ते पुस्तकात आहे सर. किती, ते विचारतेय."

वाचकहो, मी सुताराचा मुलगा आहे. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात माझ्या आजोबांनी आणि वडिलांनी नांगर, कुळव, पाभरी नि गाडीची चाके केली आणि त्याबद्दल वर्षाचे बलुते घेतले. माझा जन्म सांगलीचा. बलुते मी डोळ्यांनी पाहिले नाही. पण तात्यांच्या तोंडून त्याच्या गोष्टी ऐकतच मोठा झालो. त्या गोष्टींत खळी नेहमी भरलेली असत, शेतकरी दिलदार असत आणि सुताराला पहिला मान असे. मात्र त्या गोष्टींत आकडा कधीच नव्हता. त्या मुलीला मी "पुढच्या तासाला सांगतो" म्हणालो आणि घंटा झाल्यावर सुटकेचा श्वास टाकला.

तात्यांची एक वही होती. तिच्यात कोणत्या घरचे किती औत, कोणाकडून किती धान्य आले, कोणाकडे राहिले, हे सारे शाईच्या पेन्सिलीने लिहिलेले होते. तात्या २०१४ मध्ये गेले. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचा महापूर सांगलीत शिरला आणि आमच्या खालच्या खोलीत गळ्याएवढे पाणी तीन दिवस उभे राहिले. शाईच्या पेन्सिलीचा धर्म असा की कोरड्यात ती करडी आणि ओल्यात जांभळी. पूर ओसरल्यावर वही सापडली, पण पानापानावर जांभळे ढग तेवढे उरले होते. म्हणजे उत्तराचा एक रस्ता बंद झाला. दुसरा रस्ता महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून जातो, असे वाटून मी तिकडे वळलो.

आमच्या ग्रंथपालबाई मितभाषी. मी समाजशास्त्रावरचे लेख हवेत म्हणताच त्यांनी कपाटाकडे बोट दाखवण्याऐवजी कोपऱ्यातल्या संगणकाकडे दाखवले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने २०१० साली सुरू केलेल्या एन-लिस्ट योजनेतून महाविद्यालयांना हजारो नियतकालिके संगणकावर वाचता येऊ लागली, हे परिपत्रकावर सही करताना मी वाचले होते. सही करणे आणि वापरणे यांत किती अंतर असते, ते त्या दुपारी कळले. माझे परवलीचे नाव तीन वर्षे तयार होते. मी एकदाही दार उघडले नव्हते.

मी खुर्चीवर बसलो आणि शोधाच्या चौकटीत मोठ्या ऐटीने देवनागरीत लिहिले : बलुतं. उत्तर आले, शून्य. रोमन लिपीत लिहिले, 'बलुतम'. शून्य. चिडून 'महाराष्ट्रातील खेडे' असे इंग्रजीत लिहिले, तर हजारांनी लेख आले. त्यांत पाणलोट होता, कुपोषण होते, साखर कारखाने होते, हिवतापही होता. उपाशी माणसाला आधी काहीच वाढू नये आणि मग अख्ख्या गावाची पंगत त्याच्यापुढे मांडावी, तसे झाले.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "सर, तुम्ही व्याकरण शिकवता ना?" त्या म्हणाल्या. "मग 'आणि', 'किंवा' वापरा की."

जॉर्ज बूल नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८५४ साली विचारांच्या नियमांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्याच बीजगणितातून आलेले हे तीन शब्द, 'आणि', 'किंवा', 'नाही', आजच्या साऱ्या शोधयंत्रांत राबत आहेत. वीस वर्षे मी मुलांना उभयान्वयी अव्यये शिकवतो. पण 'आणि' हा समुच्चयबोधक शब्द पसारा कमी करतो, हे मला ठाऊक नव्हते. संसारात 'आणि' म्हटले की वस्तू वाढतात. येथे दोन शब्दांत 'आणि' घातला की ज्या लेखांत दोन्ही शब्द आहेत तेवढेच उरतात. 'किंवा' घातला की उलट दारे उघडतात. दोन शब्द एकत्रच यायला हवे असतील तर त्यांना अवतरणचिन्हांत बांधायचे. शब्दाच्या शेपटीविषयी खात्री नसेल तर शेपूट तोडून तेथे तारका ठेवायची. बलुते, बलुता, बलुतेदार, बलुतेदारी अशी रूपे रोमन लिपीत कोणी कशी लिहिली असतील याचा नेम नाही. मग 'बलुत'पर्यंत लिहून पुढे तारका ठेवली, आणि प्रथमच थोडे काही हाती लागले.

"अजून कमी येतायत," बाई म्हणाल्या. "सर, 'जजमानी' टाकून बघा."

मी म्हणालो, "तो आपला शब्द नाही."

"नसू दे. त्यांचा आहे."

आणि खरोखरच भांडार उघडले. विल्यम वायझर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने उत्तर प्रदेशातल्या एका खेड्याचा अभ्यास करून १९३६ साली जजमानी पद्धतीवर पुस्तक लिहिले. तेव्हापासून साऱ्या हिंदुस्थानातल्या अशा देवघेवीला अभ्यासकांच्या जगात तेच नाव पडले. आमचा बलुतेदार तेथे दुसऱ्याच्या आडनावाने वावरत होता. त्र्यंबक नारायण आत्र्यांनी १९१५ सालीच 'गावगाड्या'त बारा बलुतेदारांचे साद्यंत वर्णन केले, पण ते मराठीत. मराठीत म्हटलेले जगाच्या सूचीत चढायला कोणीतरी ते इंग्रजीत पुन्हा म्हणावे लागते. मला क्षणभर राग आला. मग वाटले, रागावून काय उपयोग? चुलत्याच्या घरी आपला माणूस असला तर चुलत्याचे नाव घेऊन हाक मारावी लागते.

दुसरा धडा गावाच्या नावाचा. मी 'सांगली' घालून पाहिले, तर १९६० पूर्वीचे काहीच येईना. बाईंनी डोक्यावर हात मारला नाही, एवढाच त्यांचा मोठेपणा. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. म्हणजे माझे आजोबा ज्या जिल्ह्यात चाके करीत होते त्याचे नाव सांगली नव्हतेच! 'सांगली किंवा दक्षिण सातारा' असे लिहिताच जुने लेख येऊ लागले. नोकरीसाठी सांगली सोडून मी साताऱ्याला आलो तेव्हा आपण परगावी आलो असे मला वाटले होते. या यंत्राच्या हिशेबी मी आजोबांच्याच जिल्ह्यात परत आलो होतो.

तिसरा धडा सोयरिकीचा. एक चांगला लेख सापडला की त्याच्या तळटिपा पाहाव्यात. तो कोणाच्या घरून आला ते कळते. मग त्याचा आधार पुढे कोणी घेतला ते पाहावे. त्याच्या लेकी कोठे दिल्या ते कळते. अशा मागच्या-पुढच्या नात्याने मी चार दिवसांत दोन डझन लेखांची यादी केली. काही लेखांचा नुसता सारांशच दिसे, पुढे कुलूप. एका परदेशी प्रकाशकाने सव्वीस पानांसाठी डॉलरांत जी रक्कम मागितली तिच्यात माझा महिन्याचा किराणा भागला असता. बाई म्हणाल्या, "थांबा. पैसे भरू नका. तोच लेख विद्यापीठाच्या खुल्या भांडारात असतो कधी कधी." आणि कित्येकदा तसा तो असेही. वाचकाचा वेळ वाचवा, हा ग्रंथालयशास्त्राचा चौथा नियम डॉ. रंगनाथनांनी १९३१ साली लिहून ठेवला आहे. बाईंच्या कृपेने माझा वेळ आणि किराणा दोन्ही वाचले.

यातून एक जपानी लेख हाती आला. म्हणजे इंग्रजीतच, पण लिहिणारे हिरोशी फुकाझावा. तोक्योच्या हितोत्सुबाशी विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक नियतकालिकात तो छापलेला. विषय : अठराव्या शतकातल्या महाराष्ट्रीय खेड्यातील बलुतेदार. ते एकेका घराशी बांधलेले नोकर होते, की साऱ्या गावाने मिळून ठेवलेले सेवक होते? पेशवाईच्या काळातले कागद चाळून फुकाझावांनी दुसऱ्या बाजूने कौल दिला होता : बलुतेदार हा गावाचा, घराचा नव्हे. मी प्रकाशनाची तारीख पाहिली. फेब्रुवारी १९७२.

मी चष्मा काढून पुसला. बहात्तरच्या शिमग्याआधीचे खळे हे आमच्या घरचे शेवटचे खळे, असे तात्या सांगत. पुढे पावसाने दगा दिला, तो मोठा दुष्काळ पडला, शेतकऱ्याच्याच घरी दाणा नाही तर सुताराला कोठला? आई-तात्यांनी वाकस, किकरे, रंधा एका पोत्यात भरून सांगली गाठली आणि तात्या एका लाकडाच्या वखारीत रोजाने लागले. ज्या महिन्यात जपानमध्ये एक विद्वान आमचे बलुते छापून काढत होता, त्याच सुमारास आमच्या गावात ते संपत होते.

दुसरा लेख हेन्री ऑरेनस्टीन या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाचा, १९६२ चा. पुणे जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहून त्यांनी अभ्यास केलेला. या लेखाच्या शीर्षकातच भांडण मांडले होते : जजमानी पद्धतीचा अर्थ पिळवणूक असा लावायचा, की एकमेकांच्या उपयोगी पडण्याची व्यवस्था असा? मी तात्यांच्या बाजूने, म्हणजे व्यवस्थेच्या बाजूने, मनात केव्हाच मतदान करून बसलो होतो. तरी तो प्रश्न कागदावर टिपून घेतला आणि शनिवारी सांगलीची एस.टी. धरली.

एस.टी. कराड ओलांडून कासेगावला थांबली. या थांब्यावर मी पंधरा वर्षे शेंगदाणे घेतो आहे. गेल ऑम्व्हेट ही अमेरिकेत जन्मलेली समाजशास्त्रज्ञ २०२१ साली वारली, ती याच कासेगावात संसार करून. पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीवरचा तिचा ग्रंथ १९७६ चा. आमच्याच खानापूर तालुक्यातल्या लोकांनी येरळेवर स्वतःच्या हिमतीने बांधलेल्या बळीराजा धरणाविषयी तिने इंग्रजी साप्ताहिकात लिहिले, हे मला त्या आठवड्यात संगणकाने सांगितले. माझ्या तालुक्याची बातमी मला यंत्राच्या खिडकीतून कळावी, आणि एस.टी.च्या खिडकीतून मी नुसते शेंगदाणे घ्यावेत! टरफले खिशात ठेवून मी पेठ नाका येईपर्यंत गप्प बसून राहिलो.

आईचे वय पंच्याहत्तरच्या घरात. मी तिला फुकाझावांचा लेख मराठीत करून सांगितला. ती तांदूळ निवडत ऐकत होती.

"कुठला म्हनलास त्यो?"

"जपानचा."

"अन् त्येला आपलं बलुतं ठावं?"

"कागद वाचून लिहिलंय त्यानं. तो म्हणतो, सुतार सगळ्या गावाचा असायचा."

"व्हय, गावाचाच. सुतार, लव्हार ही थोरली वळ." तिने मान हलवली. "मग पुढं?"

मग मी तिला दुसऱ्या लेखातला प्रश्न विचारला. माझ्या परीने सोपा करून विचारला, "आई, बलुतं हे हक्काचं होतं, का मागून घ्यावं लागायचं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मी तिला विचारला नव्हता. गोष्टी सांगायचे काम तात्यांचे. आई त्या वेळी चुलीपुढे असे. तिचा हात सुपात थांबला.

"काम तुझ्या तात्यांनी केलं," ती म्हणाली, "पर खळ्यावर कोन जायचं? मी जायाची. लगीन होऊन आले तवा सतरा वर्सांची हुते. औतामागं चार पायल्या जोंधळा अन् पाच पेंढ्या, असं ठरल्यालं. पर ठरल्यालं येगळं अन् पाटीत पडल्यालं येगळं. सकाळी गेल्यालं मानूस दिवस मावळंस्तवर हुबं. 'बस की सुतारनी, रास तर हू दे,' म्हनायची. रास झाली की, 'गुरवाचं झालं का, न्हाव्याचं झालं का.' हक्काचंच हुतं रे. पर हक्काचं आसून बी हात पसरून घ्यावं लागायचं."

मी काही बोललो नाही.

"अन् मी तरी बरी," ती पुढे म्हणाली. "माझ्या मागं महारवाड्यातली एक म्हातारी हुबी आसायची. मला पाटीत घालायची. तिला लांबनं, वटीत. खाली सांडलं तर वेचून घे म्हनायची. मी बघायची. बोलले न्हाई कवा." थोडे थांबून तिने विचारले, "ह्ये लिवलंय का त्या सायबांनी?"

मी म्हणालो, "प्रश्न लिहिला आहे. इतकं नाही."

"तात्यास्नी ठावं न्हवतं का?" मी नंतर जेवताना विचारले.

"ठावं हुतं की. पर मानसानं पोरास्नी काय सांगायचं? मान हुता, त्यो सांगितला."

त्या रात्री मला झोप आली नाही. तात्या खोटे बोलले असे मला वाटले नाही, आजही वाटत नाही. चाक ठाकठीक बसल्यावर शेतकरी त्यांना पानसुपारी देत, हेही खरेच असणार. पण मी त्यांच्या गोष्टींवर एक सबंध व्यवस्था उभी केली होती, आणि तिच्यात खळ्यावर दिवसभर उभी राहिलेली माझी आईच नव्हती. तिच्यामागची म्हातारी तर नव्हतीच नव्हती. दया पवारांचे पुस्तक मी बारा वर्षे शिकवत होतो; ते दुसऱ्या कोणाच्या गावची गोष्ट आहे अशा समजुतीने शिकवत होतो.

येथे कोणी म्हणेल, मग त्या संगणकाची, त्या परदेशी लेखांची गरजच काय होती? आईला आधीच विचारायचे होते. मी हे मानत नाही. आई चाळीस वर्षे माझ्या शेजारी होती आणि मला तिला काय विचारावे हे माहीत नव्हते. पुण्याजवळच्या खेड्यात राहून गेलेल्या एका परक्या माणसाने १९६२ साली तो प्रश्न नीट मांडून ठेवला, कोणीतरी तो लेख जपला, बाईंनी मला 'आणि' नि 'किंवा' शिकवले, तेव्हा कोठे मी तांदूळ निवडणाऱ्या बाईपुढे योग्य प्रश्न घेऊन बसलो. भांडारात उत्तर मिळतेच असे नाही. पण नुसत्या मायेने जे सुचत नाही ते विचारायला तेथून शिकता येते.

२०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेला मंजुरी दिली. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना खुली करण्यासाठी तीन वर्षांकरिता ६००० कोटी रुपये. चांगली गोष्ट आहे; कुलपे कमी होतील. पण वाईहून निघणाऱ्या 'नवभारता'चे जुने अंक पाहायचे तर मला आजही बांधीव खंडच उघडावे लागतात, धूळ झटकून, अनुक्रमणिकेवर बोट फिरवीत. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची एकहाती केली. तशी चिकाटी मराठी लेखांच्या वाट्याला आता कोणाची येणार, हे आम्हा मराठीच्या शिक्षकांनी दुसऱ्या कोणाला विचारू नये.

मी आईचे म्हणणे तीन शनिवार बसून उतरून घेतले आणि त्यावर मराठीत एक निबंध लिहिला. संपादकांचे पत्र आले : निबंधाखाली पाच बीजशब्द द्यावेत. हेच ते शब्द, ज्यांच्यावाचून चार दिवस मी दाराबाहेर उभा होतो. मी लिहिले : बलुतं, जजमानी, दक्षिण सातारा, खळे. पाचवा सुचेना. आईला दूरध्वनी केला आणि विचारले, खळ्यावर नेत होतीस त्या पाटीला आणखी काही नाव होते का?

"पाटीच म्हनायचो," ती म्हणाली. "का रं?"

मी 'पाटी' लिहून टाकले.

प्रश्न विचारणारी ती मुलगी आता एम.ए.ला आहे. परवा ग्रंथालयात भेटली तेव्हा मी तिला सांगितले, "औतामागे चार पायल्या जोंधळा आणि पाच पेंढ्या. पण ते ठरलेले. मिळालेले वेगळे." तिने वही काढून लिहून घेतले आणि कोणाकडून कळले, असे विचारले. मी आईचे नाव सांगितले. तिने ते नाव तारखेसह टिपून घेतले आणि ती संगणकाकडे वळली.